ओठांची घरची डबी : कुठवर बरी?

डिसेंबर लागला की पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन विषय रंगतात. एक हुरडा पार्टीचा आणि दुसरा फुटलेल्या ओठांचा. कुणीतरी एका छोट्या गोल डबीचा फोटो टाकते. आत गुलाबी मलम, झाकणावर फुलाचे स्टिकर आणि खाली ओळ: ‘घरी बनवलेला लिप बाम, शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’. तासाभरात ऑर्डरी येतात. ज्यांना विकत घ्यायचा नसतो त्या कृती विचारतात, आणि रविवारी दोन-चार घरांत गॅसवर मेण वितळू लागते.

यात गैर काय आहे? खरे तर काहीच नाही. घरी करता येण्यासारख्या सौंदर्यप्रसाधनांत लिप बाम सर्वांत सोपा आणि नीट केला तर सर्वांत सुरक्षितही. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण आज या एका डबीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जात आहेत. स्वतःसाठी बाम करणे ही एक, तो दुसऱ्यांना विकणे ही दुसरी आणि ओठाच्या आजारावर औषध म्हणून तो लावत राहणे ही तिसरी. पहिली गोष्ट खुशाल करावी. दुसरीला नियम हवेत आणि ते आहेतही. तिसरी मात्र धोक्याची आहे, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या कामगारवस्तीच्या पट्ट्यात तिची किंमत कधी कधी फार मोठी पडते.

आजीची मेणाची डबी

घरचा बाम ही काही इंटरनेटवरून आलेली नवलाई नव्हे. दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. कपाळावर आधी बोटाने मेण टेकवायचे आणि त्यावर कोरडे कुंकू लावायचे, म्हणजे ते दिवसभर टिकायचे. मधमाश्यांच्या पोळ्याच्या मेणात थोडे तेल घालून ते मऊ केलेले असे. आजच्या लिप बामची मूळ कृती याहून फारशी वेगळी नाही.

कोकणात तर त्याहून सरस वस्तू होती आणि आहे. रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो. तो काढून, थिजवून त्याचे फिकट पांढरे गोळे वळतात. हेच मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल. ते साध्या तापमानाला घट्ट राहते आणि साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उबेने मऊ होते. थंडीत फुटलेले ओठ आणि टाचांच्या भेगा यांवर कोकणातल्या घरोघरी तेच लावले जाई. आता परदेशी कंपन्यांच्या डब्यांवर ‘कोकम बटर’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले दिसते, आणि पिंपळे सौदागरमध्ये ते ऑनलाइन मागवले जाते. गावाकडून येताना आमसुलांबरोबर मुठेलाचे दोन गोळे आणले तर तेच काम होते.

देशावर तूप आणि लोणी होते. रात्री निजताना बेंबीत आणि ओठांवर तुपाचे बोट लावणारी आजी अजून अनेकांना आठवत असेल. बेंबीतल्या तुपाने ओठ मऊ होतात याला शरीरशास्त्रात आधार नाही, पण ओठावरच्या तुपाने होतात, यात शंका नाही.

ओठच का फुटतात?

कारण ओठांच्या लाल भागाची त्वचा इतर त्वचेसारखी नाही. तिचा सर्वांत वरचा थर फार पातळ असतो. घामाच्या ग्रंथी तिथे नसतात आणि तेल पाझरणाऱ्या ग्रंथी जवळपास नसल्यातच जमा. चेहऱ्यावर शरीर स्वतःच तेलाचा हात फिरवत असते, ओठांना ती सोय नाही. त्यामुळे ओठांतले पाणी भराभर उडून जाते. पुण्याच्या कोरड्या थंडीत, हिंजवडीच्या वातानुकूलित कार्यालयात किंवा दुचाकीवरून चाकणपर्यंतच्या वाऱ्यात ते आणखी वेगाने उडते.

ओठ कोरडे पडले की जीभ आपोआप त्यांवर फिरते. क्षणभर बरे वाटते. पण लाळ वाळताना ओठांतले पाणीही घेऊन जाते आणि लाळेतली पाचकद्रव्ये आधीच नाजूक झालेल्या त्वचेला आणखी चरचरवतात. पुन्हा जीभ, पुन्हा कोरड. शाळकरी मुलांच्या ओठांभोवती थंडीत जे लालसर कडे दिसते, ते बहुतेकदा याच चाळ्याचे फळ असते.

बाम नेमके काय करतो, तर पाणी उडू नये म्हणून वर एक झाकण घालतो. तो ओठांचे ‘पोषण’ करत नाही आणि त्यांना ‘श्वास’ही घेऊ देत नाही. झाकण चांगले बसले की खालची त्वचा स्वतःच भरून येते. हे काम स्निग्ध पदार्थ आणि मेण मिळून उत्तम करतात. त्यासाठी पंधरा घटकांची गरज नसते.

तीन जिनसांची कृती

मधमाश्यांचे मेण १० ग्रॅम, खोबरेल तेल ३० ग्रॅम आणि मुठेल १० ग्रॅम. एवढ्यात दहा-दहा ग्रॅमच्या पाच डब्या होतात. मुठेल नसेल तर खोबरेल तेवढे वाढवावे. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात कोरडी स्टीलची वाटी ठेवावी आणि वाटीत आधी मेण, मग मुठेल, शेवटी तेल घालावे. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, त्यामुळे वाटी थेट गॅसवर ठेवण्याची गरज नाही आणि ठेवूही नये. तापलेले मेण पेट घेते, आणि अंगावर सांडले तर ते कातडीला चिकटून राहते. मेणाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो तो यामुळे. मुले ओट्यापासून लांब असावीत. मिश्रण एकजीव झाले की धुऊन पूर्ण वाळवलेल्या डब्यांत ओतावे, झाकण न लावता थिजू द्यावे आणि मग डबीवर तारीख लिहावी.

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजते, म्हणून हिवाळ्यात हा बाम छान घट्ट राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की गाडीच्या डिकीत तो पाणी पाणी होईल. उन्हाळ्यासाठी मेण दोन-तीन ग्रॅम जास्त घ्यावे. तीन महिन्यांत डबी संपवावी. त्याआधी खवट वास आला तर टाकून द्यावी, तो वास तेल बिघडल्याचा असतो.

मेण मात्र पारखून घ्यावे. बाजारात ‘मेण’ म्हणून मिळते ते पुष्कळदा मेणबत्तीचे पॅराफिन असते, आणि मेणबत्तीसाठीचे पॅराफिन ओठांसाठी शुद्ध केलेले नसते. पोळ्याच्या मेणाला मधाचा मंद वास असतो. ते मिळवायला फार लांब जावे लागत नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. महाबळेश्वर परिसरात मधपाळांची परंपरा आहे आणि तिथले मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ओळखीच्या मधपाळाकडचे मेण हेच खरे ‘ऑरगॅनिक’.

आणखी दोन नियम. पहिला, नवा बाम थेट ओठांवर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावा. खाज किंवा पुरळ आली नाही तरच वापरावा. पोळ्याच्या मेणात मधमाश्यांनी झाडांवरून गोळा केलेला राळेसारखा चिकट पदार्थ थोडा राहतोच, आणि काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी असते. दुसरा, एका माणसाला एक डबी. तापानंतर ओठाच्या कडेला जे बारीक पाणीदार फोड उठतात ते एका विषाणूमुळे, आणि एकाच डबीत घरातल्या चौघांची बोटे फिरली तर तो विषाणू घरभर फिरू शकतो.

बिघडते ते सजावटीत

या तीन जिनसांवर थांबले तर प्रश्नच येत नाही. पण नुसत्या मेणा-तेलाचा फोटो चांगला येत नाही. मग त्यात बिटाचा रस पडतो, गुलाबपाणी पडते, कोरफडीचा ताजा गर पडतो, लिंबू पिळले जाते. इथे घरच्या बामचा सगळा भरवसा संपतो.

निव्वळ तेल-मेणात जंतू वाढत नाहीत, कारण वाढायला त्यांना पाणी लागते. रस किंवा गर घातला की त्यांना पाणीही मिळते आणि साखरही. कारखान्यातल्या पाणीदार क्रीममध्ये परिरक्षक घालतात ते याचसाठी. ज्याला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडले जाते, ते अनेकदा बुरशीला रोखणारे एवढेच काम करत असते. परिरक्षक नसलेली बिटाची डबी बाथरूमच्या फळीवर आठ दिवस राहिली की तिच्यात काय वाढते ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तीच डबी फुटलेल्या, उघड्या त्वचेवर लावली जाते. आयुर्वेदातले शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप. त्यातही पाणी अडकलेले असते. म्हणून घरी केलेच तर ते थोडे करावे, ताजे वापरावे आणि साठवू नये.

लिंबाचे दुखणे वेगळे. काळसर ओठ उजळावेत म्हणून ते लावतात. लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग राहतो. उजळायला गेलेला ओठ आणखी काळवंडतो. पुदिना, दालचिनी, लवंग यांची सुगंधी तेले ओठांना चुणचुण आणतात. ती चुणचुण म्हणजे ‘काम करतंय’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो दाह असतो, आणि दालचिनीचे तेल तर अ‍ॅलर्जीसाठी नावाजलेले आहे. कापूर घातलेला बाम लहान मुलाच्या हाती पडू देऊ नये. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात.

मधाचेही तसेच. मोठ्यांच्या ओठांना मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना अजिबात नाही. मधात असू शकणारे एका जिवाणूचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजून बाळाला लुळे पाडणारे विष तयार करतात. बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत सोडण्याचे कारणही हेच.

रंगाचा मोह सर्वांत मोठा. खाण्याचे सर्वसाधारण रंग पाण्यात विरघळतात, तेलात नाहीत. मग तेलात उतरणारा रंग शोधला जातो. कुणी देवघरातले कुंकू घालते, कुणी शेंदूर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. मारुतीच्या मूर्तीवर तो शोभतो, ओठांवरून तो पोटात जातो. लाल रंगासाठी रतनजोतीचे मूळ तेलात टाकण्याची कृतीही फिरते. तिथे वेगळाच घोळ आहे. याच नावाने, ‘रतनज्योत’ म्हणून, उत्तरेत मोगली एरंडही ओळखला जातो. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतातच. नावावरून ऑनलाइन मागवलेल्या पुडीत नेमके काय आले, हे स्वयंपाकघरात ओळखता येत नाही.

आणि शेवटचा गैरसमज उन्हाचा. गाजराच्या बियांचे तेल घातले की बाम ‘सनस्क्रीन’ होतो, असे बेधडक लिहिले जाते. घरचा कुठलाही बाम उन्हापासून भरवशाचे संरक्षण देत नाही. दिवसभर उन्हात काम असेल तर रुंद कडेची टोपी, तोंडावर रुमाल किंवा एसपीएफ छापलेला, परवानाधारक कंपनीचा बाम हेच पर्याय आहेत.

व्हॅसलिनचा विनाकारण धाक

घरच्या बामची जाहिरात पुष्कळदा दुसऱ्याची निंदा करून होते. ‘बाजारातल्या बाममध्ये पेट्रोलियम असते, म्हणजे रोज पेट्रोल खाताय.’ हे साफ चूक आहे. रॉबर्ट चेझब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ती पेट्रोलियम जेली खनिज तेलापासूनच निघते हे खरे, पण औषधी दर्जाची जेली इतकी शुद्ध केलेली असते की त्वचारोगाच्या विभागात कितीतरी मलमे तिच्यातच बनवतात. ती खवट होत नाही, तिच्यात जंतू वाढत नाहीत आणि अ‍ॅलर्जी जवळपास होतच नाही. ओठांतले पाणी रोखण्यात तिच्या तोडीचे फार थोडे पदार्थ आहेत.

तेव्हा ज्याला वेळ नाही, हौस नाही किंवा दीडशे रुपयांची डबी परवडत नाही, त्याने साधी पांढरी, बिनवासाची जेली लावावी आणि निश्चिंत राहावे. घरचा बाम ही आवडीची गोष्ट आहे, आरोग्याची सक्ती नव्हे. आणि ‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर विज्ञानात बसतच नाही. मेण, खोबरेल, पाणी, सगळी रसायनेच आहेत. प्रश्न कोणते, किती आणि कितपत शुद्ध, एवढाच असतो.

डबी दाराबाहेर गेली की

आता विक्रीकडे. चाकणच्या कारखान्यात गाडीला बसणाऱ्या सुट्या भागालाही बॅच नंबर असतो. तो भाग कधी, कुठल्या पाळीत, कुठल्या कच्च्या मालातून तयार झाला, हे त्यावरून शोधता येते. दोष आढळला तर ती सगळी खेप परत मागवता येते. ज्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी उभी राहिली, तिथल्या माणसांना शुद्धता आणि नोंद यांचे महत्त्व नव्याने सांगायला नको. तरीही दिवसभर कंपनीत गुणवत्ता तपासणारा माणूस संध्याकाळी सोसायटीच्या स्टॉलवरून ना बॅच, ना तारीख, ना घटकांची यादी असलेली डबी घेतो आणि मुलीच्या ओठांना लावतो.

असे कशाला म्हणायचे, त्याचे उत्तर अकोल्याच्या एका प्रकरणात आहे. २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांतून ते सर्वांसमोर आले. एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी एकच क्रीम वापरत होत्या, स्थानिक पातळीवर बनवलेले आणि ओळखीतून मिळालेले. तपासणीत त्यात पारा आढळला. पारा कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडातल्या गाळण्यांना इजा करतो. ते लिप बाम नव्हते, चेहऱ्याचे क्रीम होते, आणि सोसायटीत बाम विकणारी प्रत्येक गृहिणी पारा घालते असे सुचवणे अन्यायाचे होईल. मुद्दा इतकाच की, डबीत काय आहे हे ना घेणाऱ्यांना कळत होते, ना विचारायला कुठला लेबलचा कागद होता. ओठांवरचे तर थोडेथोडे रोज पोटातही जाते.

कायद्याची भूमिका यात स्पष्ट आहे. सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठी किंवा वाटपासाठी तयार करायचे तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटक हवेत. लिप सॅल्व्हसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानकही आहे. डबीवर ‘आयुर्वेदिक औषध’ म्हणून दावा केला तर त्याचा परवाना आणखी वेगळा. स्वतःच्या घरापुरते केले तर यातले काहीच लागू होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. नोकरी सुटलेली एखादी आई किंवा दहा जणींचा बचत गट यांनी चार पैसे मिळवायचे तरी कसे? त्यांनी कारखान्याच्या दर्जाची जागा आणि तंत्रज्ञ कुठून आणायचा? हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. पण त्याचे उत्तर नियमाकडे डोळेझाक करणे हे नव्हे. याच नियमांत ‘लोन लायसन्स’ची सोय आहे. म्हणजे स्वतःचा कारखाना नसला तरी परवानाधारक उत्पादकाच्या जागेत, त्याच्या यंत्रांवर आपला माल तयार करून घेता येतो. दहा बचत गटांनी मिळून एका ठिकाणी हे करावे, महापालिकेने आणि अन्न व औषध प्रशासनाने त्यांना अर्ज भरण्यापासून चाचणीपर्यंत हात द्यावा. बचत गटांना स्टॉल मिळवून देताना एवढी एक पायरी वाढवली तर बायकांचा धंदाही टिकेल आणि घेणाऱ्याचा भरवसाही. तोवर सोसायटीच्या स्टॉलवर निदान घटक, तारीख आणि फोन नंबर लिहिल्याशिवाय डबी घेऊ नये. आणि ‘गोरे करणारा’, ‘ओठ गुलाबी करणारा’ असा दावा दिसला तर ती डबी हातात धरूही नये.

बाम लावूनही बरे न होणारे ओठ

राहिली तिसरी गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. सगळे फुटलेले ओठ थंडीने फुटत नाहीत.

ओठांचे कोपरे चिरतात, तोंड उघडले की दुखतात, तेव्हा मागे बुरशीचा संसर्ग, लोहाची कमतरता किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाची कमी असू शकते. नीट न बसणाऱ्या कवळीमुळे ज्येष्ठांच्या ओठांचे कोपरे सतत ओले राहतात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईच्या ओठांना बाम नको असतो, तिचे हिमोग्लोबिन तपासायला हवे असते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असलेल्या मुलामुलींचे ओठ जवळपास हमखास सुकतात. कुणाला टूथपेस्टमधल्या पुदिन्याची किंवा लिपस्टिकमधल्या एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असते. अशा वेळी बाम बदलत राहण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस सगळेच बंद करून नुसती पांढरी जेली लावली तर कारण सापडायला मदत होते. मेडिकलच्या दुकानातून सांगोवांगी आणलेली स्टिरॉइडची ट्यूब ओठांवर चोळू नये. चार दिवस बरे वाटते, मग त्वचा पातळ होऊन मूळ दुखणे चिघळते.

आणि मग आहे तंबाखू. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुना मळून खालच्या ओठात धरण्याची सवय तिसऱ्या पाळीच्या माणसाला झोप आवरायला ‘मदत’ करते. गावाकडून आलेल्या कितीतरी बायका अजून मिश्री लावतात. गोळी ठेवण्याच्या जागी ओठाची आतली बाजू आधी कोरडी, मग पांढुरकी, सुरकुतल्यासारखी होते. पुढे तिथे चीर पडते. ती भरत नाही. घरात कुणीतरी सांगते, थंडी आहे, तूप लाव. मग तूप, मग मुठेल, मग मुलीने केलेला बाम. सकाळची ओपीडी गाठायची तर खाडा पडतो आणि कंत्राटी कामगाराला खाड्याचा पगार मिळत नाही. डबी मात्र घरात आहे, फुकट आहे आणि लावली की दुखणे थोडे कमी होते. कमी होते म्हणूनच दिवस जात राहतात.

दोन ते तीन आठवड्यांत न भरणारी ओठावरची किंवा तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला लागणारी घट्ट गाठ, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही असले तर ते डॉक्टर किंवा दंतवैद्याला दाखवलेच पाहिजे. उन्हात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचा खालचा ओठ सतत खपलीदार राहत असेल, तरीही. ओठाचा आणि तोंडाचा कर्करोग सुरुवातीला सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेत बरा होण्याची शक्यता मोठी असते. उशीर झाला तर जबडा, बोलणे आणि जेवणे पणाला लागते. तपासायला आरसा, उजेड आणि दोन मिनिटे लागतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पिंपरीचे वायसीएम रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय पिंपळे सौदागरपासून लांब नाही. कंपन्यांनी वार्षिक आरोग्य तपासणीत डोळे आणि कान तपासतात तसा तोंडात एक टॉर्च मारायला सांगितले आणि त्यासाठी कंत्राटी कामगारालाही भरपगारी दोन तास दिले, तर कितीतरी जबडे वाचतील.

येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन तीन जिनसांचा बाम जरूर करावा. मेण कुठून येते, तेल का थिजते, पाणी का नको, हे त्यांना त्यातून शाळेच्या पुस्तकापेक्षा चांगले कळेल. एक डबी आजोबांनाही द्यावी. मात्र देताना त्यांना उजेडात बसवून ओठ उलटा करून पाहावा. चीर असेल तर ती कधीपासून आहे, हे विचारावे. तीन आठवड्यांहून जुनी असेल, तर डबी बाजूला ठेवून सोमवारी सकाळचा केसपेपर काढावा.